वीज काढून घेतल्यावर पाण्यात काय उरतं?

प्रश्न : आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. माझे आजोबा ठासून सांगायचे, की धरणाच्या पाण्यातून एकदा वीज काढून घेतली की दुधातलं लोणी काढल्यावर ताक उरावं तसं ते पाणी होतं. पिकाला त्याचा उपयोग नाही. नववीतला माझा मुलगा म्हणतो, ऊर्जा नष्ट होत नाही असं पुस्तकातच दिलंय, म्हणजे पाण्यातलं काही कमी होणं शक्यच नाही. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. वीज निघते त्या अर्थी पाण्यातलं काहीतरी जायला हवं ना? आणि जर काहीच जात नसेल, तर तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवून पुन्हा पुन्हा वीज का करत नाहीत?

उत्तर : आजोबांची शंका तुमच्या घरापुरती नाही. धरणं नवीन होती तेव्हा ती गावोगाव ऐकू यायची, आणि आजही अधूनमधून एखादं पत्र येतंच. तुमच्या प्रश्नाची खुबी अशी, की आजोबा, नातू आणि तुम्ही अशा तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पाण्यातलं काहीतरी जातं हे खरं. ते काय, एवढंच शोधायचं आहे.

आधी कोयनेच्या वीजगृहात प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. शिवसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेकडे नेलं जातं आणि तिथून पोलादी नळांमधून खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडलं जातं. धरणाच्या पाण्याची पातळी आणि हे वीजगृह यांच्या उंचीत सुमारे ४७५ मीटरचा फरक आहे. खालच्या टोकाला नळाचं तोंड निमुळतं केलेलं असतं. त्यातून सुटणारी धार ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेगाने चाकावरच्या वाट्यांवर आदळते. चाक फिरतं, त्याच्या दांड्यावर बसवलेला जनित्राचा भाग फिरतो, आणि तांब्याच्या वेटोळ्यांजवळून चुंबक फिरला की त्यांत वीजप्रवाह सुरू होतो. हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच दाखवून दिलं होतं. वाट्यांना वेग देऊन झालेलं पाणी जवळजवळ निपचित होऊन खाली पडतं आणि पुढे वाहत जातं.

या सगळ्या प्रवासात पाणी जनित्राला शिवतसुद्धा नाही. मध्ये पोलादी दांडा आहे. पाण्याने फक्त चाक ढकललं. पिकाच्या मुळांना पाण्याकडून जे हवं असतं ते म्हणजे खुद्द पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार. चाक ढकलताना यांतलं काहीही कमी होत नाही. पाण्यात वीज मुळात साठवलेली नसतेच, त्यामुळे ती गाळून काढण्याचा प्रश्नच येत नाही.

मग गेलं काय? उंची गेली. ४७५ मीटर उंचीवरचं पाणी आता खाली आलं, आणि खाली येताना ते जे काम करू शकत होतं ते त्याने केलं.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ते १ मीटर खाली आलं की ९.८ जूल ऊर्जा मिळते. ४७५ मीटर आलं की सुमारे ४,६५० जूल. आपल्या वीजबिलातलं १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार केला तर १ युनिटसाठी पावणेआठशे लिटर पाणी उतरवावं लागेल असं दिसतं. बोगद्यातलं घर्षण, चाक आणि जनित्र यांत थोडी गळती होते, म्हणून प्रत्यक्षात साडेआठशे ते नऊशे लिटर लागतं. तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर जवळजवळ ती पूर्ण भरून पाणी सह्याद्री उतरतं, तेव्हा घरच्या मीटरवर एक आकडा पुढे सरकतो.

आता तुमच्या मुलाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ऊर्जा नष्ट होत नाही, हे त्याचं बरोबर. समजा वीजगृह बांधलंच नसतं आणि हेच पाणी कड्यावरून धबधब्यासारखं कोसळलं असतं. मग त्याची उंचीची ऊर्जा कुठे गेली असती? आधी वेगात, मग तळाशी आपटून खळबळीत, आणि शेवटी ती खळबळ शांत होताना उष्णतेत. लिटरमागे ४,६५० जूल उष्णता मिळाली तर पाण्याचं तापमान सुमारे १.१ अंश सेल्सियसने वाढतं. म्हणजे धबधब्याच्या तळाचं पाणी माथ्यावरच्या पाण्यापेक्षा किंचित कोमट असायला हवं. उडणारे तुषार हवेत सुकून पाणी थंडही करतात, म्हणून हा फरक मोजायला अवघड जातो. जेम्स जूल या मँचेस्टरच्या शास्त्रज्ञाने, ज्याच्या नावाचं हे एकक आहे, १८४७ मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समधल्या धबधब्याजवळ थर्मामीटर घेऊन हाच फरक मोजायचं मनात आणलं होतं, असा किस्सा लॉर्ड केल्विनने पुढे लिहून ठेवला. त्यात तिखटमीठ किती हे सोडून देऊ; भौतिकशास्त्र चोख आहे.

तेव्हा वीजगृहाने पाण्याकडून घेतलं ते एवढंच : जे एक अंशाने तापणं घाटात उगाच झालं असतं, ते होऊ दिलं नाही. टर्बाइनमधून बाहेर आलेलं पाणी, कड्यावरून आदळलेल्या पाण्यापेक्षा साधारण एक अंशाने थंड राहतं. आजोबा ज्याला निःसत्त्व होणं म्हणत ते मोजायचं झालंच तर एवढं भरतं, आणि उसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर खोपोलीकडे पाहा. टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे १९१५ पासून, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाट उतरवून तिथे वीज होते आणि ते पाणी पुढे पाताळगंगेत जातं. त्या नदीला बारा महिने पाणी असतं ते त्यामुळेच, आणि त्या पाण्यावर माणसंही जगतात, शेतीही होते, कारखानेही चालतात.

तरीही आजोबांना अगदीच वेड्यात काढू नका. धरणाखालचं पाणी बदलतं हे जुन्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कारण तेवढं चुकीचं जोडलं गेलं. पूर्वी पुराच्या पाण्याबरोबर गाळ येई आणि काठच्या रानात पसरे. धरण झालं की पाणी जलाशयात थबकतं, गाळ तळाशी बसतो आणि खाली येणारं पाणी नितळ असतं. सुपीक गाळ कमी झाला, हे नुकसान खरं आहे. पुन्हा, मोठ्या जलाशयाच्या खोल थरातलं पाणी वरच्या पाण्यापेक्षा थंड असतं आणि त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असू शकतो. माशांना ते जाणवतं. पण या दोन्ही गोष्टी भिंतीमुळे आणि साठवणीमुळे घडतात. टर्बाइन काढून टाकलं आणि नुसतं धरण ठेवलं तरी त्या घडतीलच.

तुमच्या गावापर्यंत येणारं पाणी पोफळीचं नाहीच, हेही ध्यानात घ्या. पोफळीचं पाणी वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. कोयना, मग कृष्णा असं तुमच्याकडे उन्हाळ्यात येतं ते मुख्यतः धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून. तिथे प्रत्येकी २० मेगावॉटची दोन यंत्रं आहेत आणि दोन्ही चालू असली की सेकंदाला सुमारे २,१०० घनफूट पाणी नदीत येतं. तिथली पाणी पडण्याची उंची पोफळीच्या तुलनेत फार थोडी, म्हणून तेवढ्याच पाण्यातून वीजही थोडी. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. त्यातले हे ४० सोडले तर बाकी सगळी वीज सह्याद्रीच्या पश्चिम उताराची देणगी आहे. तिथे तर उंचीचा एक घोट उरला तोही वाया जात नाही. पोफळीच्या बाजूने उतरलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवतात आणि आणखी शंभरेक मीटर खाली सोडून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज करतात. त्याच पाण्याची दुसऱ्यांदा वीज! लोणी काढलेल्या ताकातून पुन्हा लोणी निघत नाही. पाण्यातून निघते, कारण अजून खाली जायला जागा शिल्लक असते. समुद्राच्या पातळीला पोचलं की मात्र संपलं.

इथे कुणीही विचारेल, की ही उंची पाण्याला दिली कुणी? सूर्याने. अरबी समुद्राचं १ लिटर पाणी वाफ करायला सुमारे २४ लाख जूल लागतात. ती वाफ नैऋत्य वाऱ्यांबरोबर येऊन सह्याद्रीला धडकते, वर चढते, गार होते आणि महाबळेश्वरपासून कोयनेच्या सगळ्या खोऱ्यात पाऊस होऊन पडते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली बहुतेक उष्णता तिथल्या हवेतच सुटते. आपल्या वाट्याला येते ती नुसती उंची, म्हणजे लिटरमागे साडेचार हजार जूल. सूर्याने खर्च केलेल्या उष्णतेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी. जलविद्युत म्हणजे सूर्याचीच वीज, फक्त अतिशय लांबच्या वळणाने आलेली. गंमत पाहा, कोयना सरळ आपल्या वाटेने वाहिली असती तर हे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. बोगद्यामुळे ते जिथून आलं त्याच समुद्रात परत जातं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तेच पाणी पुन्हा वर चढवण्याचा. मला तो सगळ्यात आवडला, कारण विचार अगदी सरळ आहे. पाणी तेच, त्याची झीज नाही, मग फिरवत का ठेवू नये?

अडचण अशी की ४७५ मीटर उतरताना लिटरमागे जेवढे जूल मिळतात, तेवढेच ते ४७५ मीटर चढवायला लागतात. निसर्गाचा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. आपली यंत्रं मात्र दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खातात. उतरताना दहा-बारा टक्के गेले, चढवतानाही जवळपास तेवढेच. म्हणजे १०० युनिट खर्चून पाणी वर नेलं तर परत हाती लागतात पंचाहत्तरेक. हे चक्र चालू ठेवायला दर फेरीला बाहेरून पंचवीस युनिट घालावे लागतील. फुकटची वीज दूरच, उलट खिशातूनच जाणार.

असं असूनही हे मुद्दाम केलं जातं, तेही आपल्याच राज्यात. घाटघरला २५० मेगावॉटचं केंद्र आहे. तिथे विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज परत घेतात. वीज आहे तशी पोत्यात भरून ठेवता येत नाही; ज्या क्षणी कुणी बटण दाबतं त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. कोळशाचं केंद्र थंड अवस्थेतून सुरू करायला कित्येक तास जातात, जलविद्युत यंत्र काही मिनिटांत पूर्ण जोराने चालतं. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात तेव्हाच्या एका युनिटची किंमत मध्यरात्रीच्या युनिटपेक्षा जास्त असते, म्हणून पंचवीस टक्के घट सोसूनही हा व्यवहार परवडतो. सौरऊर्जा वाढेल तशी अशा केंद्रांची गरज आणखी वाढणार, कारण सूर्य दुपारी देतो आणि आपल्याला हवं असतं ते दिवेलागणीला.

चढवण्याचा खर्च काय असतो हे सांगली जिल्ह्यातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी भागात चढवतात, आणि त्यांच्या वीजबिलाचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजत आला आहे. १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी १०० मीटर वर न्यायला, पंपांची तूट धरून, साधारण १ कोटी युनिट लागतात. उलट कोयनेचं १ टीएमसी पाणी पश्चिमेला सगळे टप्पे उतरलं की सुमारे ४ कोटी युनिट देतं. एकाच धरणाच्या एका अंगाला पाणी पडून वीज मिळते आणि दुसऱ्या अंगाला वीज जळून पाणी चढतं. या दोन आकड्यांकडे एकत्र पाहिलं की कोयनेच्या पाण्यावरून होणारे वाद बरेचसे समजतात.

‘ऊर्जा नष्टच होत नाही तर ती वाचवायची कशाला?’ हे तुमच्या मुलाने अजून विचारलेलं दिसत नाही, पण तो विचारेल. तेव्हा उत्तर तयार असावं म्हणून थोडं पुढे जातो. पंख्याला दिलेली वीज आधी हवेच्या झुळुकीत जाते आणि झुळूक थांबली की खोलीतल्या हवेच्या अगदी किंचित वाढलेल्या उष्णतेत. दिव्याचा प्रकाश भिंतींनी शोषला की तोही उष्णताच. एकूण बेरजेत एक जूलही कमी झालेला नसतो. पण ती पसरलेली उष्णता गोळा करून पुन्हा पंखा फिरवता येत नाही. ऊर्जा शिल्लक राहते, तिची कामाला येण्याची ऐपत जाते. आपण पैसे मोजतो ते या ऐपतीसाठी.

ही ऐपत सगळ्या रूपांत सारखी नसते. उंचावरच्या पाण्यातली ऊर्जा जवळजवळ पूर्ण विजेत बदलता येते, नव्वद टक्क्यांच्या आसपास. कोळशाचं तसं नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, वाफेने चाक फिरवतात आणि उरलेली उष्णता उंच शीतकरण मनोऱ्यांतून हवेत सोडतात. अशा केंद्रांत कोळशातल्या ऊर्जेची साधारण एक तृतीयांशाहून थोडीच जास्त वीज होते. यात इंजिनिअरांचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेचं पूर्णपणे कामात रूपांतर करता येत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. उलट दिशेने मात्र कसलीच आडकाठी नाही. विजेची उष्णता करायची म्हटलं तर शंभर टक्के होते, आणि म्हणूनच ते करणं फार सोपं आणि फार महाग पडतं.

किती महाग? १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात ते पाणी ४२७ मीटर वर उचलता येतं. हा आकडा लोकांना खरा वाटत नाही, म्हणून घरचंच गणित मांडतो. तीन-चार मजली इमारतीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरायला, साधा घरगुती पंप बऱ्यापैकी ऊर्जा वाया घालवतो हे धरूनही, एक दशांश युनिटच्या आसपास वीज लागते. अंघोळीची १५ लिटरची एक बादली गीझरवर २५ अंशांनी तापवायला जवळपास ०.४४ युनिट. म्हणजे टाकी चार वेळा भरण्याच्या खर्चात तुमची एक बादली गरम होते. आणि ती वीज पोफळीहून आली असं धरलं, तर त्या एका बादलीसाठी कोयनेचं पावणेचारशे ते चारशे लिटर पाणी कोकणात उतरलं. तारांमधली गळती आणखी वेगळी. पाणी तापवायला छपरावरचा सौरबंब चांगला म्हणतात तो याचसाठी. तिथे उन्हाची उष्णता सरळ उष्णता म्हणूनच वापरली जाते, मधली वीज लागतच नाही.

तर मुलाला सांगा, तुझं पुस्तक बरोबर आहे, पण ऊर्जा शिल्लक असणं आणि ती वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या शेतापुरतं बोलायचं तर पायथ्याच्या वीजगृहातून आलेलं पाणी ऊस, सोयाबीन, भाजीपाला, कशालाही बिनधास्त द्या. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने काळजी करायचीच असेल तर पश्चिमेला पाणी किती जातं याची करावी. त्याची मर्यादा कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी अशी घालून दिली आहे, आणि कोयनेचं जलवर्ष १ जूनपासून मोजलं जातं. पावसाने ओढ दिली की वीज आधी की सिंचन आधी, हा प्रश्न उभा राहतो. तो पदार्थविज्ञानाने सुटणारा नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या विहिरीवरचा किंवा इमारतीचा पंप किती वीज खातो असं विचारणारी पत्रं बरीच येतात. अशा पत्रात पंपाच्या पट्टीवर छापलेली अश्वशक्ती, पाणी किती मीटर वर चढतं आणि टाकी भरायला किती मिनिटं लागतात, एवढं जरूर कळवा. तेवढ्यावरून हिशेब करून देता येतो.